लाल घोंगडी आणि खडूचा ससा

टॅनक्रॉफ्ट, ७ एप्रिल १९५२

अँब्रोज भावजी,

काल तिसरा रविवार गेला. तिन्ही रविवारी मी मागच्या कुंपणावर लाल घोंगडी वाळत टाकली. लाल घोंगडी म्हणजे 'चहाला या', हे तुमच्या आईच्या वेळेपासून चालत आलंय, मी काही नवीन काढलेलं नाही. तुमचे भाऊ होते तेव्हा मी घोंगडी टाकून किटली चढवायची आणि पाणी उकळायच्या आत तुम्ही दरी ओलांडून दारात उभे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. माणसाबरोबर घोंगडीही गेली असं समजलात की काय?

आठवडाभर बिनसाखरेचा चहा पिऊन रेशनची साखर साठवली आणि केक केला. तो पाद्रीबाबांनी खाल्ला. पुढच्या रविवारचाही त्यांनीच खाल्ला आणि वर म्हणाले, "जरा कोरडा झालाय." मी थोरली वहिनी, मान माझा, पाय तुमचे. तेव्हा मी तिकडे येणार नाही. रागावला असाल तर तसं लिहा, निदान कारण तरी कळू दे.

यंदा टेकडीच्या उतारावर कोरलेल्या सशाची घासणी आहे हे लक्षात असेलच. मागच्या वेळी युद्ध संपल्यावर आपण विमानांपासून लपवायला त्याच्यावर टाकलेल्या फांद्या काढल्या त्याला सात वर्षं झाली. आता मागच्या पायांत गवत शिरलंय, ते खणून खालचा पांढरा खडू पुन्हा उघडा करायला हवा, आणि शेपटी तर शोधावी लागते. गावात ते नवे मेजर थ्रिंग राहायला आलेत ना, ते काल चर्चबाहेर म्हणत होते, "इशारे मी देतो, माझ्याकडे दुर्बीण आहे." मी म्हटलं, "आमच्याकडे अँब्रोज मेडमेंट आहेत." टेकडीवर खणणाऱ्याला नाकासमोरचा खडू सोडून काही दिसत नाही. समोरून इशारा देणारा चुकला तर सशाचं काय होईल ते देवच जाणे. पण ते तुम्हाला काय सांगायचं, चाळीस वर्षं तुम्हीच देताय.

ससाटेकडीच्या उतारावर पिवळी रानफुलं आलीत. चंडोल सकाळपासून डोकं उठवतात.

हेस्टर


अपर डीन, १६ एप्रिल

थोरल्या वहिनींस,

राग कसला? घोंगडी मला अगदी स्पष्ट दिसली. रंग कसा अजून टिकलाय! ईस्टरच्या रविवारी तर तुम्ही तिच्या शेजारी उभ्या राहून हात हलवत होतात, मीही इकडून हलवला. पण पायाचा अंगठा असा ठणकतोय की बूट चढत नाही. हेच एक कारण, दुसरं नाही.

तुमच्याकडच्या मेंढ्या टेकडीवर काय गुटगुटीत दिसताहेत! सकाळी खिडकीतून मोजत बसतो. उतारभर पांढऱ्याशुभ्र. मेंढपाळ डॉज यंदा त्यांना धुतो की काय?

त्या थ्रिंगला म्हणावं, दुर्बीण घेऊन समुद्रावर जा. आमच्या आजोबांनी इशारे दिले, वडिलांनी दिले, मी देतोय. ससा मेडमेंटांच्या हातानेच उठतो. माझे डोळे तर दिवसेंदिवस तरुण होताहेत. कालपासून चष्म्याशिवाय पेपर वाचतो, अगदी खालच्या बारीक जाहिरातींसकट! या वयात असं किती जणांचं होतं? मेजरला विचारा, त्याला दुर्बीण कशाला लागते.

मेंढ्यांसाठी ताट्या विणायचं काम जोरात चाललंय. हेझलची फांदी हाताला कळते, बघावी लागत नाही.

तुमचा दीर,
अँब्रोज


टॅनक्रॉफ्ट, २१ एप्रिल

भावजी,

ईस्टरच्या रविवारी मी सर्दीने अंथरुणात पडून होते. घोंगडी पेटीत होती. तुम्ही हात हलवलात तो कुणाला?

आणि मेंढ्या! मेंढ्या अजून वर आणलेल्याच नाहीत. टेकडीवर जे पांढरं आहे ते काटेरी झुडपांचा फुलोरा. झुडपं मोजलीत होय? डॉजला सांगितलं तर तो म्हणाला, "अँब्रोजला सांगा, लोकर किती निघाली तेही कळवा."

आता मला काय ते कळलं. खिडकीत बसताय कुठे तुम्ही? रविवारी तुम्ही घरीच नसता आणि मला थापा मारून मोकळे होता. बेकरीवाली मिसेस टक विधवा होऊन दोन वर्षं झाली. तिच्या दुकानाच्या मागे सफरचंदाची बाग आहे आणि पावाला चव आहे, हे मीही जाणते. अहो, मग सरळ सांगायचं! मी काय नको म्हणणार होते? फक्त त्यासाठी माझा केक पाद्रीबाबांच्या घशात घालायची गरज नव्हती.

तुमचं अक्षर एवढं मोठं कशाने झालं? एका पानावर चार ओळी. कागद स्वस्त झालाय का तिकडे?

हेस्टर


अपर डीन, २६ एप्रिल

वहिनी,

तुमच्यापासून काही लपत नाही. समजा, रविवारी कुणी कुठे गेलंच, तर ते त्याचं त्याला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मिसेस टक चांगल्या बाई आहेत, एवढंच म्हणतो. कृपया त्यांच्यापाशी हा विषय काढू नये, त्या लाजाळू आहेत.

निब नवीन आहे, म्हणून अक्षर मोठं.

घासणीबद्दल दोन सूचना. यंदा खणणाऱ्यांनी भडक रंगाचे सदरे घालावेत, म्हणजे शोभा येईल. आणि कुठून सुरुवात करणार, कान आधी की पाय आधी, ते मला आधी लिहून कळवावं. मला गरज नाही, पण शिस्त असलेली बरी.

अँब्रोज


टॅनक्रॉफ्ट, १५ मे

भावजी,

मंगळवारी बाजारात मिसेस टक भेटल्या. मी मुद्दामच विषय काढला. त्या इतक्या हसल्या की हातातली अंडी खाली ठेवावी लागली. मग हसू थांबलं आणि त्यांनी मला सगळं सांगितलं.

मटाराच्या शेतातल्या बुजगावण्याला टोपी काढून तुम्ही त्याच्या बायकोची चौकशी केलीत. डॉजच्या कालवडीला "सुप्रभात, पाद्रीबाबा" म्हणालात. हसण्यावारी नेण्यासारखं आहे, मीही हसले. पण त्या तिनांतल्या पहिल्याच रविवारी, मार्चमध्ये, इकडे यायला निघालात आणि टेकडीच्या खांद्यावरच्या दवतळ्यात सरळ चालत गेलात, कमरेएवढ्या पाण्यात, हे ऐकून मला हसू आलं नाही. मेंढ्यांना प्यायला खणलेलं तळं ते. लहानपणापासून तुम्ही त्याच्या काठाने येताजाता. मिसेस टकनी तुम्हाला बाहेर काढलं आणि तुम्ही त्यांना कुणाला न सांगायची शपथ घातलीत.

म्हणजे अंगठा ठणकत नव्हता. आणि मी इकडे तीन रविवार तुमच्या नावाने बोटं मोडत बसले होते. माझंच मला वाईट वाटतंय.

भावजी, खरं सांगा. तुम्हाला ससा दिसतो का?

हेस्टर


अपर डीन, १९ मे

मिसेस मेडमेंट यांस,

बुजगावण्याने नवा कोट घातला होता, कुणीही फसेल. तळ्याभोवती धुकं होतं. मला सगळं स्वच्छ दिसतं. पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो. यावर यापुढे पत्रव्यवहार नको.

अ. मेडमेंट

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं.

वहिनी, ससा मला दोन वर्षं दिसलेला नाही. उजेडात हातभर अंतरावरचं सगळं दिसतं (रात्री दिव्याशी लिहिताना मात्र अक्षर मोठं काढावं लागतं), त्यापुढे सगळं सांडलेल्या दुधासारखं. सकाळी खिडकी उघडतो आणि जिथे तो असायला हवा तिकडे तोंड करून बसतो. थ्रिंगला दुर्बीण घेऊन उभं राहायला सांगा. मी त्या दिवशी कुठेतरी निघून जाईन, कुठे ते अजून ठरलेलं नाही, कारण दिसत नाही. ताट्या कुणीही विणतं हो. पण सात वर्षांतून एक दिवस अख्खं गाव माझ्या हाताकडे बघतं. ते गेल्यावर मी कोण उरतो ते मला कळत नाही, आणि भीती वाटते.


टॅनक्रॉफ्ट, २२ मे

भावजी,

कुठेही जायचं नाही. थ्रिंग-बिंग काही नाही.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असणार. जवळचं छान दिसायला लागणं ही त्याचीच खूण, म्हणे, तारुण्य वगैरे काही नाही. शहरातल्या इस्पितळात आता सरकारी खर्चाने कापून काढतात. घासणी झाली की तुम्ही तिथे जायचं. ही माझी अट.

आता घासणीचं. मी रोज पहाटे टेकडीवर जाते आणि सशाच्या जुन्या कडेवर खुंट्या ठोकते. मुंगीसारखी फिरते त्याच्या अंगावर. इतकी वर्षं पायथ्याशी राहिले पण त्याचं पोट असं हाताने कधी चाचपलं नव्हतं. पायाखाली रानओवा चिरडला की सगळा उतार घमघमतो. मागच्या डाव्या पायाच्या टाचेशी ती मधमाशीसारखी दिसणारी ऑर्किडं उगवलीत, तिथे खुंटी आत घेतलीय. टाच जरा बारीक होईल, चालेल.

सगळ्यांना मी बजावून ठेवणार आहे की यंदा खुंट्यांप्रमाणेच खणायचं. इशाऱ्याची फक्त रीत राखायची. तुम्ही नेहमीसारखे चर्चच्या भिंतीवर उभे राहा, उशीचा पांढरा अभ्रा हातात घ्या आणि मन मानेल तसा हलवा. कुणी तिकडे बघणार नाही.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला सशाचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठली ते कळत नव्हतं. तुमचे भाऊ हसले होते. तुम्ही मला पलीकडे नेऊन भिंतीवर उभं केलंत आणि दाखवलंत. ते मी विसरलेले नाही.

हेस्टर


अपर डीन, २३ जून

वहिनी,

काय दिवस झाला! अंगात अजून उत्साह मावत नाही. मिसेस टकनी मला भिंतीवर चढवलं, अभ्रा इस्त्री करून आणला होता. कुणी बघत नाही म्हणून मनावर ओझं नव्हतं. सुरुवातीला मी रीतसर एक-दोन इशारे दिले, मग हात खाली घेऊन उभा राहिलो. सगळं शांत. फक्त कुदळींचा आवाज दरीतून येत होता.

आणि मग दुपारी अचानक टेकडीवरून केवढा जयघोष! मला कळलं, काम संपलं आणि लोक मला सलामी देताहेत. डोळे भरून आले. मीही अभ्रा उंच धरून हलवला, उंच, आणखी उंच. ते ओरडताहेत, मी हलवतोय. किती वेळ चाललं असेल कुणास ठाऊक, दंड भरून आले.

नंतर खुद्द थ्रिंग माझ्याजवळ आला. दुर्बीण गळ्यात होती, वाजत होती. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मेडमेंट, मी तीस वर्षं फौजेत काढली. असलं आज्ञापालन कुठे पाहिलं नाही." मनाचा मोठा आहे हो माणूस! मी उगाच त्याला नावं ठेवली.

आता सांगा, ससा कसा झालाय? इथे ज्याला विचारावं तो "वा, अँब्रोज, वा" म्हणतो आणि पाठ थोपटतो. मिसेस टकना विचारलं तर त्यांना खोकलाच लागला.

अँब्रोज


टॅनक्रॉफ्ट, २६ जून

भावजी,

ससा छान झालाय. इतका टवटवीत ससा मी जन्मात पाहिला नाही.

त्या दिवशी ऊन फार होतं. सोबत घासणीसाठी केलेल्या चरबीच्या गोड लार्डी केकचा पहिला तुकडा पाठवतेय, इशारा देणाऱ्याचा मान. इस्पितळाची तारीख आली का? अटीचं लक्षात आहे ना?

हेस्टर


इस्पितळ, १८ जुलै

वहिनी,

हे पत्र मी सांगतोय आणि इथली परिचारिका लिहून घेतेय. एका डोळ्याचं झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्यात. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. दोन्ही डोळे बांधलेत. (मी हे लिहितेय ती परिचारिका. हे सतत हसतात. तीनदा ताकीद दिली.)

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त कोळी आहे. तो समुद्राच्या गोष्टी सांगतो, मी सशाच्या. मी त्याला सांगितलं की आमचा ससा अगदी नमुनेदार आहे, त्याच्यात एक वीत इकडची तिकडे होत नाही. (दिवसातून चारदा सांगतात. आता संपूर्ण वॉर्डाला तो ससा पाठ आहे.)

जेवण मऊ असतं. कशाचं असतं ते बांधलेल्या डोळ्यांनी कळत नाही. (उघड्या डोळ्यांनीही कळत नाही.)

पट्टी सुटली की चष्मा मिळेल. पहिलं काय बघायचं ते मी ठरवून ठेवलंय. (मला सांगितलं. तुम्ही कुंपणावर काहीतरी लाल टाकता म्हणे. रविवारी टाका हो, बाई.)

अँब्रोज


अपर डीन, १५ सप्टेंबर

वहिनी,

आज चष्मा आला. बाटलीच्या बुडाएवढी भिंगं आहेत. जगाचा आकार वाढलाय. मिसेस टकची कोंबडी टर्कीएवढी दिसली आणि पाद्रीबाबा तर विचारू नका. कुंपणापाशी निळी फुलपाखरं होती. तो निळा रंग असा असतो हे मी विसरलोच होतो, दोन वर्षं ती मला करड्या चिंध्यांसारखी दिसायची. उभा राहून बघत बसलो.

मग मान वर करून समोर पाहिलं.

वहिनी, सशाला तीन कान आहेत!

आधी वाटलं चष्म्याचा दोष. पुसला, पुन्हा पाहिलं. तीन! दोन नेहमीचे आणि तिसरा दोघांच्या मधून निघून टेकडीच्या माथ्याकडे चाललाय, शेतातल्या वाटेएवढा रुंद. मी धावत थ्रिंगकडे गेलो आणि दुर्बीण मागितली. दुर्बिणीतून तर तो आणखी लांब दिसला. खडूवर गवत धरायला वर्षं लागतात. म्हणजे पुढच्या घासणीपर्यंत हा असाच राहणार आणि येणारा-जाणारा विचारणार, "हा कुणाचा पराक्रम?"

तुम्ही मला लिहिलंत, छान झालाय. मी कोळ्याला शपथेवर सांगितलं, नमुनेदार आहे! खुंट्या ठोकल्या होत्यात ना? मग हे काय आहे?

अँब्रोज


टॅनक्रॉफ्ट, १७ सप्टेंबर

भावजी,

बरं झालं, दिसलं. तीन महिने हे लिहायचं टाळत होते.

खुंट्या ठोकल्या होत्या. त्याप्रमाणे काम झालं होतं, अगदी चोख, टाच सोडून. तेवढ्यात डॉजने सायडरचं, सफरचंदाच्या दारूचं, पिंप गाडीवर घालून वर आणलं आणि सगळ्यांनी आरोळी ठोकली. तो जयघोष तुमचा नव्हता, पिंपाचा होता. माफ करा. पण आरोळी थांबली आणि कुणीतरी म्हणालं, "अरे, अँब्रोज बघा!"

भिंतीवर तुमचा अभ्रा वर गेला होता. अभ्रा वर, म्हणजे आणखी वर खणा. इथे पोराटोरांना चालता येण्याआधी हे कळतं. सगळे भिंतीकडे बघत उभे राहिले. तुमच्या डोळ्यांचं सगळ्यांना ठाऊक होतं, बुजगावण्याची गोष्ट काय लपून राहते? खुंट्या संपल्या होत्या हेही दिसत होतं. मेजर खाली दरीतून हातवारे करून ओरडत होते. डॉज म्हणाला, "मावशी, काय करायचं? खुंट्या की अँब्रोज?"

मी कुदळ उचलली आणि दोन कानांच्या मधोमध पहिला घाव घातला. ज्या बाईने पहाटे उठून त्या खुंट्या ठोकल्या तिनेच. तुम्ही हात वर केलात आणि माझा हात चालला, मला तो थांबवता आला नाही. खरं सांगायचं तर थांबवायचाही नव्हता. माझ्यामागून सगळे लागले. तुमचा अभ्रा वर जातोय, आम्ही वर खणतोय. तुमचे दंड भरून आले म्हणता, आमच्या कंबरा विचारा! तुम्ही आणखी थोडा वेळ हलवला असता तर कान पलीकडच्या तालुक्यात गेला असता.

घोंगडीचं म्हणाल तर सर्दीचा तो ईस्टर सोडून एकही रविवार चुकवला नाही. तुम्हाला दिसत नव्हती म्हणून मी टाकायचं का थांबवू? पाद्रीबाबांचं मात्र वजन वाढलंय, ते तुमच्या चष्म्यामुळे नाही.

हेस्टर


अपर डीन, २१ सप्टेंबर, रविवार

वहिनी,

तीन दिवस मी खिडकीत बसून तो कान बघतोय. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी थ्रिंग येऊन शेजारी बसला आणि म्हणाला, "अजून सात वर्षं आहेत, शिकव मला." मी म्हटलं, बघू. आज सकाळी मला तो कान वाकडा वाटेनासा झालाय. टेकडीवर चाळीस माणसं होती, सगळ्यांना ठाऊक होतं मी आंधळा आहे, आणि तरी माझ्या हाताकडे बघून त्यांनी खणलं. मी कोण उरतो म्हणून विचारलं होतं ना तुम्हाला? उत्तर टेकडीवर लिहिलंत, तेही एवढ्या मोठ्या अक्षरात की निब मलाही पुरली नसती.

पुढच्या घासणीला हा कान बुजवायचा की ठेवायचा, ते मीच इशारा देऊन सांगणार आहे. तेव्हा सात वर्षं मला मरायची सवड नाही.

हे लिहिता लिहिता मान वर केली. तुमच्या कुंपणावर काहीतरी लाल आहे. उगाच फसायला नको म्हणून चष्मा पुसून पाहिलं. घोंगडी आहे. शेजारी तुम्ही आहात. तुम्हीच ना? बुजगावणं असेल तर टोपी काढणार नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. बूट चढवलेत, तळ्याच्या काठाने येतोय, हे हातातच आणतो. पाद्रीबाबा आधी पोहोचले तर त्यांना केकला हात लावू देऊ नका.

अँब्रोज